चौसष्ट पायल्यांचा वॉल्ट्झ

स्नेहसंमेलनाला बरोबर नऊ दिवस उरले असताना ज्योतीबाईंनी स्कूटी स्टँडवर लावायच्या ऐवजी स्वतःच्या पायावर लावली, आणि धनश्रीचा आयुष्यातला पहिला वॉल्ट्झ तिथंच अंगणात आडवा झाला.

"आई, पाय हलतोय का?"

"हलतोय गं, हलतोय."

"मग नाचता येईल?"

ज्योतीबाईंनी लेकीकडे असं पाहिलं, की धनश्री मुकाट्यानं बर्फ आणायला पळाली. पण बर्फ आणता आणता तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती काही आईच्या पायासाठी नव्हती. धनश्री नववीत होती. पहिलीपासून आठवीपर्यंत आठ संमेलनं झाली, त्यांतल्या सातांत ती झाड होती. आठव्यात बढती मिळाली आणि ती डोंगर झाली. या वर्षी मात्र तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे; नव्या रेश्मा मॅडमनी "पालक आणि पाल्य मिळून वॉल्ट्झ, म्हणजे जोडीनं करायचा बॉलरूम डान्स, कोण करणार?" असं विचारलं आणि धनश्रीचा हात तिच्याही आधी वर गेला. मॅडम भिंगारच्या, कॅन्टोन्मेंटमध्ये वाढलेल्या, तिथंच हा नाच शिकलेल्या. त्यांनी पाच जोड्या निवडल्या. आणि सगळ्यात पुढची, पडदा उघडला की पहिली दिसणारी जोडी म्हणून कुणाला उभं केलं? धनश्री आणि तिच्या आईला!

आता आईचा पाय दुधी भोपळ्याएवढा झाला होता.

"मी नाचतो की," दारातून आवाज आला.

मायलेकी दोघींनी वळून पाहिलं. दारात रामहरी उभा होता. धनश्रीचे पप्पा. खांद्यावर पंचा, कानात सोयाबीनचा भुसा.

"तुमी?" ज्योतीबाई पाय विसरल्या. "अहो, आपल्या लग्नात वरातीसमोर समद्यांनी ओढलं तरी तुमी बैलगाडीचा दांडा सोडला न्हाई!"

"तवा कुनी लेक मागं लागली नव्हती," रामहरी म्हणाला आणि पाय धुवायला निघून गेला.

धनश्रीला धक्का बसला तो नाचाचा नव्हे. पप्पा नाचताना मोजतील, याचा होता.

हे नीट सांगायला हवं. रामहरी काष्टीच्या बाजारात सूर्यभान शेठच्या आडतीवर मापाडी होता. काम एकच, मोजायचं. शेतातून माल निघाला की किती कट्टे, म्हणजे पोती, भरले, टेम्पोत किती चढले, गोदामात किती उतरले, हे मोठ्यानं मोजायचं. बावीस वर्षांत त्याचा आकडा चुकला नव्हता. मोजत असताना तो कुणाशी बोलत नसे. कुणी काही विचारलंच, तर उत्तर म्हणून चालू आकडा देई. "रामहरी, चहा घेणार का?" "त्रेचाळीस." आख्ख्या बाजाराला हे ठाऊक होतं.

पण गेल्या दिवाळीत घोटाळा झाला. गहिनीनाथ तात्यांच्या शेतातून सोयाबीनचे साठ कट्टे निघाले, साठ म्हणजे रामहरीनं मोजलेले साठ. आडतीवर मात्र त्रेपन्नच लागले. शेठ हळहळून म्हणाले, "म्हातारा व्हायला लागला आमचा रामहरी. मोजन्यात सात गेले." झालं! चाळिशीतला माणूस एका दिवसात म्हातारा झाला. गहिनीनाथ तात्यांच्या हाती त्रेपन्नचेच पैसे आले, त्यांनी रामहरीशी बोलणं टाकलं. आणि शाळेत जयानं, म्हणजे शेठच्याच नातीनं, धनश्रीचं नवं नाव ठेवलं, "सात कमी". बाकावर जागा करून देताना म्हणायची, "सरका गं, सात कमी आली." तेव्हापासून घरात कुणी पोळ्या जरी मोजल्या तरी धनश्री ताटावरून उठून जाई. आता तेच पप्पा, भर स्टेजवर, आख्ख्या गावासमोर!

पहिल्याच दिवशी तालमीत तिची भीती खरी ठरली.

"दादा, वॉल्ट्झ सोपा असतो," रेश्मा मॅडम म्हणाल्या. "तीन ठोके. पहिल्यावर जोर, गुडघ्यातून थोडं खाली. दुसऱ्या-तिसऱ्याला टाचा उचलून वर. एक, दोन, तीन. म्हणा बरं."

"लाभ, दोन, तीन," रामहरी म्हणाला.

"लाभ?"

"पैल्या मापाला एक म्हनत न्हाईत मॅडम. लाभ म्हनत्यात. बरकत ऱ्हाती."

"अगं बाई, किती छान! चालेल. लाभ, दोन, तीन. मग?"

"चार."

"चार नाही. परत लाभ."

रामहरी थबकला. त्यानं मॅडमकडे पाहिलं, धनश्रीकडे पाहिलं, मागच्या चार जोड्यांकडे पाहिलं.

"परत लाभ? मंग आधीचे तीन गेले कुठं?"

"गेले नाहीत, झाले."

"झाले तर मोजल्यात धरले पायजेत. तीन मापं टाकायची आन पुन्यांदा लाभ म्हनायचं..." त्यानं आवाज खाली आणला, मॅडमची अब्रू राखण्यासाठी. "मॅडम, आमच्यात ह्याला चोरी म्हनत्यात."

मागून जया खुदकन हसली. तीही आपल्या आईबरोबर नाचात होती, दुसऱ्या जोडीत. धनश्रीचे कान तापले.

"पप्पा, नाचात चालतं तसं!"

"चालत आसंल. माज्या जिभंला वळत न्हाई."

खरंच वळेना. तो मोजायला लागला की आकडा पुढंच धावे. बरं, नुसता धावला असता तरी हरकत नव्हती. पण बाजाराची सवय अशी, की दहा झाले, वीस झाले, की आवाज चढवून पाय आपटायचा, म्हणजे हमालांना कळतं. रामहरी दर दहाव्याला पाय आपटे आणि तो दर वेळी धनश्रीच्या अंगठ्यावरच पडे. शिवाय आकडा जेवढा लांब, तेवढं पाऊल लांब. "सात"ला चिमणीएवढं पाऊल आणि "एकोणतीस"ला असं लांबलचक, की धनश्री खिडकीपर्यंत फरफटत जाई. वर त्याचा तो बाजारी आवाज! मागच्या चारही जोड्या गाणं सोडून त्याच्या आकड्यावर पावलं टाकू लागल्या. शहाण्णवला जयाची आई टेबलावर आदळली.

"दादा, थोडं पाणी घेता का?" मॅडमनी काकुळतीनं विचारलं.

"सत्त्याण्णव," रामहरी म्हणाला आणि फिरत राहिला.

तालीम संपल्यावर मॅडमनी धनश्रीला बाजूला घेतलं. "धनश्री, वाईट वाटून घेऊ नकोस. परवापर्यंत जमलं नाही, तर जया आणि तिची आई पुढे येतील. तुम्ही मागच्या ओळीत, डावीकडे."

"डावीकडे तर झाड आहे, मॅडम."

"हो ना. झाडाच्या थोडं मागे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दात घासत होती आणि पप्पा ओसरीवर बाजरी मोजत होते. मामाकडून नवी बाजरी आली होती, ती कोठीत भरायची होती. घरात वजनकाटा असूनही रामहरी घरचं धान्य आजोबांच्या वेळच्या लोखंडी पायलीनंच मोजायचा. पायली राशीत खुपसून भरायची, वरून हात फिरवून सपाट करायची, मग वळून कोठीत ओतायची.

"लाऽऽभ," रामहरी म्हणाला.

धनश्रीच्या तोंडातला ब्रश थांबला.

पप्पा गुडघ्यातून खाली गेले आणि पायली भरली. वर येत हात फिरवला. टाचा उचलून, वळून, ओतली. खाली, वर, वळण. "दोऽऽन." खाली, वर, वळण. कंबर कशी लवतेय, खांदे कसे सरळ आहेत, पाऊल कुठंही लांब नाही की तोकडं नाही! आणि मोजणं? तीन हालचालींना एकच आकडा. "एकोणतीस" आला, तर तो तीन हालचालींवर कसा चपखल बसला, "ए... कोण... तीस!"

"पप्पाऽऽ!" धनश्री किंचाळली. तोंडातला सगळा फेस बाजरीवर उडाला.

"तीस," रामहरी म्हणाला. आणि मग बाजरीकडे पाहून, आकडा सोडून, बावीस वर्षांत पहिल्यांदाच मोजताना बोलला, "धने! ही बाजरी आता तू निवडायची!"

पण धनश्रीनं त्याचे दोन्ही हात धरून त्याला ओसरीच्या मधोमध ओढलं होतं. "पप्पा, ठोके मोजायचेच नाहीत. पायल्या मोजायच्या! तीन ठोके म्हणजे एक पायली. भर, सपाट कर, ओत. लाभ झाली. मग दुसरी. कुठं चोरी आहे त्यात?"

रामहरीनं विचार केला. चोरी नव्हती.

दोन मिनिटांत ओसरीवर असा वॉल्ट्झ सुरू झाला, की आतून लंगडत आलेल्या ज्योतीबाई दाराची चौकट धरून उभ्याच राहिल्या. "आगं बया," एवढंच त्या म्हणाल्या, आणि चौकटीवर बोटांनी ठेका धरू लागल्या.

त्या दुपारी तालमीत रेश्मा मॅडमचं तोंड उघडलं ते मिटेना. "दादा, मोठमोठे नाचणारेसुद्धा असंच मोजतात! प्रत्येक आवर्तनाला नवा आकडा. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"बाजरीनं," रामहरी म्हणाला. "गान्यात एकून किती पायल्या?"

मॅडमनी हिशोब केला. "चौसष्ट."

"पक्क्या?"

"पक्क्या चौसष्ट. शेवटच्या आठांत तुम्ही धनश्रीला गोल फिरवायचं आणि चौसष्टाव्याला दोघांनी वाकून नमस्कार."

"चौसष्ट," रामहरीनं मनावर कोरून घेतलं. पुढची जागा परत मिळाली. जया तोंड फुगवून मागं सरली.

एकच अट धनश्रीनं घातली. संमेलनाच्या दिवशी सकाळी, वेणी घालून घेताना, ती हळूच म्हणाली, "पप्पा, स्टेजवर मोठ्यानं नका मोजू. मनात मोजा. लोक... तुम्हाला माहितीये ना लोक काय म्हणतात."

रामहरीनं आरशातल्या लेकीकडे पाहिलं. "मनात मोजतो," तो म्हणाला. "शब्द."

संमेलनाला पटांगण फुलून गेलं होतं. पहिल्या रांगेत सोफ्यावर अध्यक्ष, म्हणजे दुसरं कोण, सूर्यभान शेठ! स्टेजचे नवे पडदे त्यांनी दिले होते, म्हणून भाषण त्यांचं. ते दहा मिनिटांचं ठरलं होतं, पन्नास मिनिटं चाललं. विषय होता 'सचोटी'. ते खाली बसले तेव्हा निम्मी लहान मुलं झोपली होती आणि मुख्याध्यापक साउंडवाल्या अमृतला हातानं कात्रीची खूण करत होते, आटप, छाट, उरक! अमृतचं टेबल शेठच्या सोफ्याला लागूनच होतं. त्यानं मान डोलावली.

पडदा उघडला. व्हायोलिन सुरू झालं.

आणि काय सांगावं! पांढरा सदरा घातलेला रामहरी खाली लवला, वर आला, वळला. त्याच्याबरोबर मामीच्या साडीतून शिवलेला धनश्रीचा निळा झगा लवला, वर आला, वळला. लोकांच्या शिट्ट्या घशातच राहिल्या. हा आडतीवरचा रामहरी? पप्पांचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता. वीस. तीस. ए-कोण-चाळीस. धनश्रीचे पाय जमिनीला लागत होते की नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं. गहिनीनाथ तात्या तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते, त्यांचीसुद्धा मान डुलायला लागली. पंचावन्न. आता एक झाली की गोल फिरायचं, शेवटच्या आठ! धनश्रीनं हात उंच केला...

आणि व्हायोलिन बंद. अमृतनं गाणं छाटलं होतं.

मागच्या चारही जोड्यांनी गडबडून नमस्कार घातला. लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले. मॅडम विंगेतून खुणा करायला लागल्या, वाका, वाका! पण रामहरी वाकेना. तो हात वर धरून तसाच उभा. धनश्रीनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा सदरा ओढला.

"पप्पा, नको. शब्द दिलाय."

"छप्पन्न!" रामहरी गरजला. नाटकासाठी वर टांगलेल्या माइकनं तो आकडा उचलला आणि चारही कर्ण्यांतून गावभर फेकला.

टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले.

"छप्पन्न भरले!" रामहरी स्टेजच्या कडेला आला आणि खाली अमृतच्या टेबलाकडं बोट रोखून म्हणाला, "चौसष्ट ठरले हुते. आठ कमी हायेत! माजे आठ कुठं गेले?"

मागून कुणीतरी ओरडलं, "रामहरीचं मोजमाप, कमीच निघायचं!" हशाची एक लाट उठली. धनश्रीनं डोळे मिटून घेतले. आता उद्यापासून आपलं नाव आठ कमी, हे तिनं मनाशी नक्कीसुद्धा केलं.

पण ते रोखलेलं बोट अमृतच्या डोक्यावरून सरळ सोफ्यावर जात होतं. आणि पन्नास मिनिटांच्या स्वतःच्या भाषणानं स्वतःच पेंगुळलेले सूर्यभान शेठ दचकून जागे झाले होते. समोर रामहरी, रोखलेलं बोट, चार कर्णे, सगळं गाव. शेठ ताडकन उभे राहिले.

"आठ?" ते ओरडले. "आठ कुठले रं? खोटं बोलू नगस रामहरी! सातच हायेत! मागच्या गोदामात झाकून ठिवल्यात, मी सोता मोजल्यात, सात म्हंजे सात!"

हशाची लाट होती तिथंच जिरली. दूर कुठंतरी एक झोपलेलं पोर खोकलं, तेसुद्धा सगळ्यांना ऐकू आलं. आपण काय बोललो हे शेठच्या चेहऱ्यावर कानांपासून हळूहळू मध्यापर्यंत उतरत गेलं. जया स्टेजवर आईचा पदर तोंडात धरून उभी. तिसऱ्या रांगेत हाताची घडी सुटली आणि गहिनीनाथ तात्या सावकाश उभे राहिले.

"सात," तात्या म्हणाले. बस, एवढंच.

"आवो शेठ," रामहरी गोंधळून म्हणाला, "मी गान्याचं म्हनत हुतो."

धनश्रीनं डोळे उघडले. खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी हसावं, रडावं की डोंगर व्हावं हेच कळेना. तेवढ्यात गहिनीनाथ तात्यांचा आवाज चढला, शेठवर नाही, साउंडवाल्यावर. "आरं अमृत! बघतो काय? त्याचं माप पुरं कर!"

"माप पुरं करा!" मागून दहा आवाज आले. "माप पुरं करा!" मग शंभर. आख्खं पटांगण शेतकऱ्यांचं, कमी माप म्हणजे काय हे तिथं कुणाला शिकवायला लागत नव्हतं. अमृतनं गाणं मागं नेलं. व्हायोलिन वाजलं.

"मोजा पप्पा," धनश्री म्हणाली. "मोठ्यानं."

"सत्तावन्न!" रामहरीनं तिला फिरवलं. "अठ्ठावन्न!" आता गावही मोजत होतं. "ए-कोण-साठ!" पोरं जागी झाली, आया उभ्या राहिल्या, एका पायावर ज्योतीबाई सगळ्यांत मोठ्यानं मोजत होत्या, मुख्याध्यापक कात्रीची बोटं खिशात घालून मोजत होते. चौसष्टाव्याला बापलेक वाकले तेव्हा सोफा रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा टेम्पो कट्टे परत घेऊन गहिनीनाथ तात्यांच्या खळ्यावर आला. तात्यांनी रामहरीला माणूस पाठवून बोलावून घेतलं होतं, "तू मोजल्याबिगर मी उतरून घेत न्हाई." धनश्रीही बरोबर गेली. कालचा निळा झगा अंगावर होताच, तो ती अजून काढायला तयार नव्हती.

"लाऽऽभ," रामहरीनं सुरू केलं. हमाल कट्टे उतरवू लागला. "दोऽऽन."

धनश्रीच्या मनात रात्रभर एकच प्रश्न घोळत होता. तो आता तिला धरवेना. "पप्पा, खरं सांगा हं. काल बोट तुम्ही अमृतकडंच दाखवलं होतं ना? का शेठकडं?"

"पाच," रामहरी म्हणाला.

"पप्पा!"

"सहा."

सातवा कट्टा उतरला. हमालानं वाकून टेम्पोतून अजून एक ओढला, तो खांद्यावर घेतला. तात्या बघत राहिले. धनश्री बघत राहिली. काल चार कर्ण्यांतून आठ ऐकलेल्या शेठनी, पुन्हा भर सभेत नाव निघायला नको म्हणून, आठ पाठवले होते.

रामहरीनं हमालाच्या खांद्यावरच्या कट्ट्यावर हात ठेवला.

"ह्यो परत ने," तो म्हणाला. "शेठला म्हनावं, सात तुमच्याकडं हुते, ते पोचले. आठ गान्यातले हुते. ते आमी कालच नाचून वसूल केले."